ऑनलाइन लिलाव मध्येच बंद करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी घड्याळं, नाणी, कॅमेरे, शाईपेनं लिलावाने विकणारी आणि घेणारी मराठी माणसं आता बरीच आहेत. कुणी परदेशात राहून थेट ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विकतं, कुणी पुण्या-मुंबईतून बाहेर पार्सलं पाठवतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरच भागवतं. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं, पण लोकांची बोली लावायची सवय काही गेली नाही. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं, त्याला कुणीतरी 'चालतंय की' म्हणायला हवं असतं. इथे ते दर वेळी मिळेलच असं नाही.

चालू लिलाव बंद करता तरी येतो का?

बऱ्याचदा येतो. ईबेवर लिलाव १, ३, ५, ७ किंवा १० दिवसांचा ठेवता येतो. १२ तासांहून जास्त वेळ उरला असेल तर आलेल्या बोली रद्द करून विक्रेता लिलाव थांबवू शकतो, किंवा त्या क्षणी ज्याची बोली वर आहे त्यालाच वस्तू देऊन मोकळा होऊ शकतो. शेवटच्या १२ तासांत, बोली आलेली असेल तर, बोली पुसून लिलाव गुंडाळता येत नाही.

थांबवताना कारण विचारलं जातं. वस्तू आता उपलब्ध नाही, किंमत टाकताना चूक झाली, वर्णन चुकलं, वस्तू हरवली किंवा मोडली, असे पर्याय असतात. त्यातला एक निवडायचा. तो खरा आहे का, हे त्या क्षणी कुणी तपासत नाही. मात्र बोली असलेला लिलाव असा गुंडाळला तर विक्री झाल्यासारखं शुल्क लावण्याची तरतूद ईबेने ठेवलेली आहे, आणि हे वारंवार करणाऱ्याच्या खात्यावर बंधनंही येऊ शकतात.

कंपनीनेच बटण दिलं आहे, मग त्यात गैर काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

बटण दिलं आहे ते कॅमेरा हातातून पडला, घरात चोरी झाली, शंभरच्या जागी दहा टाईप झालं अशा अडचणींसाठी. त्या अडचणी खऱ्या असतात आणि त्यांच्यासाठी बाहेर पडायला वाट हवीच. पण वाट आहे म्हणून कुठल्याही कारणासाठी ती वापरावी, हा अर्थ आपण आपल्या सोयीने काढलेला.

लिलाव लावताना विक्रेता किमतीचं वचन देत नाही, तो पद्धतीचं वचन देतो. अमुक दिवशी अमुक वाजता ज्याची बोली वर असेल, त्याला त्या किमतीत वस्तू मिळेल. एवढंच कबूल केलेलं असतं, पण त्याच शब्दावर लोक गोळा होतात. १ डॉलरपासून सुरुवात पाहून कुणी तरी थांबतं, फोटो मोठे करून पाहतं, डायल नंतर रंगवलेली आहे का ते ताडतं, आतल्या मशीनचा फोटो मागतं, आपलं बजेट ठरवतं. सात दिवसांसाठी तेवढे पैसे बाजूला ठेवतं आणि दुसरीकडे आलेलं तसंच घड्याळ सोडून देतं. हे सगळं त्याने तुमच्या शब्दावर केलेलं असतं.

आता पाचव्या दिवशी तुम्ही लिलाव बंद केलात तर तुमच्याकडे काय उरतं ते पाहा. वस्तू आहेच. शिवाय गिऱ्हाईक कोण कोण आहे, साधारण कुठवर जातात, कशाबद्दल विचारतात, ही सगळी माहिती फुकटात मिळाली. बोली लावणाऱ्याला काहीच मिळालं नाही. त्याने जे दिलं ते तुम्ही ठेवून घेतलंत आणि तुम्ही जे देणार होतात ते परत घेतलंत. कायद्याचं काय ते पुढे येईलच, पण हा हिशेब कायदा बाजूला ठेवूनही जुळत नाही.

बोली फारच कमी आली आहे. पाण्याच्या भावात विकू का?

आधी हे पाहा की ती खरंच कमी आहे का. पानावर दिसणारा आकडा हा तुमच्या वस्तूचा भाव नसतो. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम टाकतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच वर जाते. समजा एकाने ३०० डॉलर टाकले आणि दुसरा ४० वर थांबला. पानावर ४१ दिसतात. ते ३०० कुणालाच दिसत नाहीत, विक्रेत्यालाही नाही. वर कोण कुठवर जायला तयार आहे हे दुसरा तगडा गिऱ्हाईक येईपर्यंत कळत नाही.

आणि तो तगडा गिऱ्हाईक शेवटी येतो. अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला होता. ईबेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, तर अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी वाढायची. शेवटच्या क्षणी झडप घालण्याचा प्रकार ईबेवर कितीतरी जास्त आढळला, आणि अनुभवी लोकांमध्ये तर आणखीच. म्हणजे जाणकार मंडळी मुद्दाम गप्प बसतात. चौथ्या दिवशी दिसणाऱ्या शांततेला घाबरून लिलाव बंद करणारा विक्रेता बहुतेक वेळा स्वतःचंच नुकसान करून घेतो. रॉथना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी.

बरं, शेवटीही कमीच आली तर? तर विकायची. १ डॉलरपासून सुरुवात केल्याने गर्दी जमते, हा फायदा तुम्ही घेतलेला आहे. त्याची जोखीमही तुमचीच. एवढ्याच्या खाली द्यायची नाही असं मनात असेल तर सुरुवातच तिथून करा, किंवा राखीव किंमत ठेवा (तिच्यापर्यंत बोली आली नाही तर विक्री नाही), किंवा लिलाव न लावता सरळ ठरावीक किमतीला विका. यातलं काहीच न करता मनातल्या मनात राखीव किंमत ठेवणं, आणि ती आली नाही की 'वस्तू उपलब्ध नाही' वर टिचकी मारणं, हे खोटं बोलणं आहे. सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.

इंग्लंडमध्ये २००० साली असाच एक निकाल लागला, लिलाव प्रत्यक्षातला होता. इंजिन तपासायची दोन नवी यंत्रं, प्रत्येकाची किंमत १४,००० पौंडांच्या घरात, राखीव किंमत नाही असं जाहीर केलेलं. लिलाव पुकारणाऱ्याने ५,००० वरून खाली येत येत विचारलं, बोली आली ती प्रत्येकी २०० पौंडांची. त्याला ते बघवेना, त्याने यंत्रं मागे घेतली. न्यायालयाने लिलाव पुकारणाऱ्याकडून बोली लावणाऱ्याला २७,६०० पौंडांची भरपाई मिळवून दिली. राखीव किंमत नाही म्हणालात ना, मग नाही.

एकाने मेसेज केला आहे: 'सर, १८० डॉलर आत्ता देतो, लिलाव बंद करा.' घेऊ का?

पानावर तेव्हा ६० दिसत असतात, म्हणून १८० पाहून हात शिवशिवतात. पण हा मेसेज कोण पाठवतं? ज्याने आधी विकल्या गेलेल्या अशाच वस्तूंचे भाव पाहिले आहेत आणि ज्याला रविवारी रात्री लिलाव संपताना ती १८० च्या वर जाणार असं वाटतं, तो. त्याला ती १८० हून स्वस्तात मिळेल अशी खात्री असती तर त्याने बोली लावली असती आणि गप्प बसला असता.

शिवाय तो व्यवहार बाहेर करायचा म्हणतो. ईबेच्या माध्यमातून ओळख झालेल्या गिऱ्हाइकाशी बाहेर सौदा करणं नियमांत बसत नाही, आणि पैसे किंवा वस्तू अडकली तर दोघांपैकी कुणालाच ईबेचं संरक्षण राहत नाही. बोली लावून बसलेल्या बाकीच्यांचं तर सोडूनच द्या, त्यांना या बोलण्याचा पत्ताही नसतो. माझ्या मते मध्येच बंद करण्याच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वात वाईट. कारण इथे विक्रेत्याची अडचण कुठलीच नाही, फक्त एकाला मागच्या दाराने आत घेतलं आणि रांगेतल्यांना दुकान बंद असल्याचं सांगितलं.

उत्तर एका ओळीचं द्यावं: 'धन्यवाद. बोली लावा, रविवारी कळेलच.' गिऱ्हाईक खरा असेल तर लावतो.

पण हे सगळं शिष्टाचाराचं झालं. कोर्ट खरंच यात पडतं का?

देशावर अवलंबून आहे. जर्मनीत तर चांगलंच पडतं. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाकडे ईबेची इतकी प्रकरणं गेली आहेत की या विषयाचा जवळजवळ एक छोटा अभ्यासक्रमच तयार झाला आहे.

नोव्हेंबर २०१४ चं प्रकरण पाहा. एकाने जुनी फोक्सवागन पसाट गाडी १ युरोपासून लिलावाला लावली. एका गिऱ्हाइकाने कमाल ५५५ युरो ५५ सेंट टाकून ठेवले. काही तासांतच विक्रेत्याला बाहेर ४,२०० युरो देणारा भेटला, त्याने लिलाव थांबवला. तेव्हा वर असलेली बोली होती फक्त १ युरोची. गाडीची किंमत ५,२५० धरली गेली आणि न्यायालयाने बोली लावणाऱ्याच्या बाजूने कौल दिला: ५,२४९ युरो भरपाई. १ युरोत गाडी मागणं हा आगाऊपणा आहे, हा विक्रेत्याचा बचाव टिकला नाही. इतक्या कमी किमतीपासून सुरुवात करायची निवड त्याचीच होती.

पुढच्याच महिन्यात विजेच्या जनरेटरचं प्रकरण आलं. तिथे विक्रेत्याचा मुद्दा नेमका 'बटण होतं ना' हाच होता: १२ तासांहून जास्त वेळ उरला होता, मग नियमानुसार मला थांबवता येतं. न्यायालय म्हणालं, थांबवता येणं वेगळं आणि शब्दातून सुटणं वेगळं. सुटायला कायद्यात बसेल असं कारण लागतं. ८,५०० युरो द्यावे लागले.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये चक्क विमान होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विरावे. किमान किंमत १,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि लिलाव संपता संपता नेमकी तेवढ्याचीच बोली आली. विक्रेत्याकडे सुमारे १ लाख डॉलर जास्त देणारा दुसरा तयार होता, म्हणून तो नाही म्हणाला. न्यायालयाने विमान बोली लावणाऱ्याला द्यायला लावलं.

मग रद्द करायची योग्य कारणं कुठली?

जी तुमच्या इच्छेबाहेर घडली ती. वस्तू चोरीला गेली, फुटली, भिजली. पुन्हा जर्मनीचंच उदाहरण: २०११ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा लिलाव एका दिवसात थांबवणाऱ्या विक्रेत्याला न्यायालयाने सोडलं, कारण कॅमेरा चोरीला गेला होता. बोली ७० युरोंची होती आणि मागणारा हजाराहून अधिक मागत होता. चोरीची शक्यता नियमांत धरलेलीच होती, बोली लावणाऱ्यालाही ती माहीत असायला हवी, असं न्यायालयाचं म्हणणं.

वर्णनातली खरी चूक हेही योग्य कारण. तुम्ही चांदीचं म्हणून टाकलं आणि सोनाराने कसोटी लावून जर्मन सिल्व्हर सांगितलं, तर लिलाव चालू ठेवणं उलट चुकीचं. नाणं नकली असल्याचं कळलं तरी तसंच. छोटी चूक असेल, साखळीची लांबी चुकली वगैरे, तर दुरुस्तीची ओळ टाकता येते, लिलाव मोडायची गरज नसते.

भारतातून बाहेर विकणाऱ्यांसाठी आणखी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. आजोबांच्या पेटीतली शिवराई कुणी हौसेने बाहेरच्या गिऱ्हाइकांपुढे लिलावाला लावली असेल, तर तो लिलाव आत्ताच्या आत्ता बंद करा. इथे बोली लावणाऱ्याला दिलेल्या शब्दापेक्षा कायदा मोठा.

'बायकोला विकायचं नाहीये' हे कारण? ते लावायच्या आधी विचारायचं.

तीच वस्तू मी ओळखीच्या दुकानातही ठेवली होती, तिथे विकली गेली. आता?

आता लिलाव बंदच करावा लागेल, दुसरा मार्ग नाही. पण याला अडचण म्हणू नका. एक वस्तू दोन ठिकाणी विकायला ठेवली की कधी ना कधी हे होणारच होतं. लिलाव चालू असेपर्यंत दुकानदाराकडून वस्तू परत आणा किंवा तिच्यावर 'विकायची नाही' अशी चिठ्ठी लावा.

एकही बोली आलेली नाही.

मग बिनधास्त बंद करा.

सध्या जो वर आहे त्यालाच देऊन लवकर संपवलं तर कुणाचंच नुकसान नाही ना?

हा जरा अवघड आहे. ईबे याला परवानगी देतं, आणि वर असलेल्याला वस्तू मिळते. पण घड्याळाकडे डोळे लावून बसलेले, रविवारी रात्री बोली लावणारे जे आहेत, त्यांना तुम्ही पद्धत बदलून बाहेर काढलंत. त्यांनी अजून बोली लावलेली नाही, त्यामुळे त्यांचा तुमच्यावरचा हक्क कमी, पण शून्य नाही. परगावी जावं लागतंय, पार्सल आजच टाकायला हवं, अशा कारणाने मी हे चालवून घेईन. वर असलेला आपला मित्र आहे म्हणून घाईने संपवणं मात्र चालवून घेणार नाही.

भारतात कायदा काय म्हणतो?

१९३० च्या वस्तूविक्री कायद्याचं ६४ वं कलम लिलावाचं आहे. हातोडा पडला, किंवा प्रथेप्रमाणे 'झालं' असं जाहीर झालं, की विक्री पूर्ण. तोवर बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. १८७२ च्या करार कायद्याचं ५ वं कलम सांगतं की प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो. इंग्लंडचा १८७३ चा एक निकाल आपल्याकडच्या कायद्याच्या वर्गात आजही शिकवला जातो: लिलावाची जाहिरात वाचून एक जण लंडनहून बरी सेंट एडमंड्सला गेला, तिथे हवं ते फर्निचर विक्रीतून काढून टाकलेलं, त्याने प्रवासखर्च मागितला, मिळाला नाही. नुसती जाहिरात म्हणजे वचन नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १० अ कलमामुळे करार ऑनलाइन झाला म्हणून फुसका ठरत नाही, एवढं मात्र नक्की.

एकूण पाहता, मध्येच थांबवणाऱ्या विक्रेत्याला आपल्याकडे जर्मनीपेक्षा मोकळीक जास्त. संपल्यानंतर मात्र सूर बदलतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स हे प्रकरण निकाली काढलं. मुंबई उच्च न्यायालयाकडून गेलेलं, बँकेच्या ई-लिलावाचं. थकलेल्या कर्जापोटी युनियन बँकेने काढलेल्या भूखंडाच्या लिलावात १०५.०५ कोटींची बोली सर्वात वर आली. मग मूळ कर्जदार १२९ कोटी द्यायला तयार झाला, बँकही राजी झाली, उच्च न्यायालयानेही होकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लिलाव होऊन गेल्यावर कुणी जास्त देतो म्हणाला म्हणून तो मोडायला लागलात तर पुढच्या लिलावात बोली लावायला कोण येईल, हा त्यामागचा विचार. त्याच महिन्यात एव्हा अ‍ॅग्रो फीड्सच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने सांगितलं की पुढे जास्त किंमत मिळेल या नुसत्या आशेवर झालेला लिलाव रद्द करता येत नाही.

१०५ कोटींचा भूखंड आणि ४१ डॉलरचं घड्याळ यांत फरक आहेच. पण '२४ कोटी जास्त मिळत होते' हे कारण जिथे पुरलं नाही, तिथे आपले १२० डॉलर कुठे पुरणार?

बाजार समितीत शेतकरी लिलाव झाल्यावरही भाव नाकारतो. मग आम्ही का नाही?

चांगला प्रश्न आहे. लासलगावला कांद्याची बोली लागल्यावर भाव पटला नाही तर शेतकरी ट्रॉली परत नेऊ शकतो. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या सरकारी ऑनलाइन शेतमाल बाजारातही सर्वात वरची बोली स्वीकारायची की नाकारायची हे शेतकऱ्याच्या हातात ठेवलं आहे.

पण हे आधीपासून सगळ्यांना माहीत असतं. बोली लावणारा व्यापारी हे गृहीत धरूनच आकडा बोलतो. आणि ती सोय का आहे? माल नाशवंत, विकणारा एकटा, घेणारे मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे, म्हणून. तुमचं घड्याळ अजून वीस वर्षं कपाटात राहू शकतं. तरीही नाकारायचा हक्क हवाच असेल तर वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा: 'अंतिम बोली मान्य करणं विक्रेत्याच्या मर्जीवर.' मग किती जण बोली लावतात ते पाहा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या लिलावाला हे नियम लागू आहेत का?

ईबेचे नाहीत. तिथे अ‍ॅडमिन म्हणेल तो कायदा, आणि म्हणूनच तिथे अब्रू जास्त मोलाची. नमुना सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फोटो तीन: डायल, मागचं झाकण, झाकण उघडून मशीन. खाली: 'एचएमटी पायलट, ब्लॅक डायल, चालू. बेस ५००, इन्क्रिमेंट ५०, क्लोजिंग रविवार रात्री ९, कुरिअर वेगळं.' मग ५५०, ६००, ६५० अशी रांग. शनिवारी दुपारी विक्रेत्याचे दोनच शब्द, 'आयटम होल्ड', आणि फोटो डिलीट. ग्रुपवर कुणी काही बोलत नाही, पण इनबॉक्समध्ये कुणीतरी हजार दिले हे सगळ्यांना कळलेलं असतं. पुढच्या खेपेला त्याच विक्रेत्याच्या पोस्टखाली चारच्या जागी एक बोली येते, तीही बेसवर.

ग्रुप चालवणाऱ्यांनी एक नियम आधीच पिन करून ठेवावा: मागे घ्यायचं असेल तर पहिली बोली यायच्या आधी, नंतर फक्त वस्तू मोडली किंवा हरवली तर, आणि तेही फोटोसह. कटकट निम्मी होते.

मी लिलाव बंद करत नाही, भावाच्या खात्यावरून एक बोली लावून किंमत वर ठेवतो. हे तर चालेल?

नाही. हे रद्द करण्यापेक्षा वाईट. रद्द करणारा उघडपणे पळतो, हा लपून फसवतो. आपल्याच ६४ व्या कलमात आहे की विक्रेत्याने किंमत चढवायला खोटी बोली लावली तर विक्री मोडायची की ठेवायची हे घेणाऱ्याने ठरवायचं. जर्मनीत २०१६ मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणात विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच गोल्फ गाडीवर बोली चढवल्या होत्या. न्यायालयाने त्या सगळ्या वजा केल्या. खऱ्या बोली धरल्या तर गाडी १.५० युरोला गेली होती. भरपाई बसली १६,५०० युरो.

रद्द होणाऱ्या लिलावांवर टपून बसणारे लोक असतात म्हणे?

असतात. जर्मन भाषेत त्यांना 'लिलावमोड शिकारी' अशा अर्थाचं नावच आहे. शेकडो लिलावांत कमी बोली टाकून ठेवायची, कुणी मध्येच बंद केला की भरपाईचा दावा लावायचा. २०१६ च्या एका मोटरसायकलच्या प्रकरणात समोर आलं की दावा करणाऱ्या बाजूने एका उन्हाळ्यात शंभरहून अधिक लिलावांत मिळून २,१५,००० युरोंच्या बोली लावल्या होत्या. खालच्या न्यायालयाने हा हक्काचा गैरवापर मानला आणि वरच्या न्यायालयातही शिकाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की नुसत्या बोलींच्या संख्येवरून कुणाला शिकारी ठरवता येत नाही, त्या त्या प्रकरणातली परिस्थिती पाहावी लागते.

मला या लोकांबद्दल प्रेम नाही. वस्तू नकोच असताना बोली लावणं हाही खोटेपणाच. पण त्यांचं पोट ज्यावर चालतं तो पुरवठा विक्रेतेच करतात.

बोली लावणारेही बोली मागे घेतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही!

म्हणतात. ईबेवर ९.९५ च्या जागी ९९.५ टाईप झालं, वस्तूचं वर्णन मोठ्या प्रमाणात बदललं, विक्रेत्याशी संपर्कच होत नाही, अशाच कारणांसाठी बोली मागे घेता येते. शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली तर तासाभरातच काढावी लागते. 'मन बदललं' हे तिथेही कारण नाही. किती बोली मागे घेतल्या याची नोंद राहते. त्यामुळे नियम दोघांना साधारण सारखेच आहेत.

खरंच रद्द करावं लागलं तर कसं करावं?

लवकर, आणि खरं सांगून. बोली लावलेल्यांना साधा निरोप पाठवा: 'नमस्कार. पॅक करताना घड्याळाच्या किल्लीचा दांडा तुटला. फोटो जोडला आहे. लिलाव थांबवतो आहे, तसदीबद्दल माफ करा. दुरुस्त झालं तर पुन्हा लावीन आणि तुम्हाला आधी कळवीन.' गोलमोल कारण लिहिलंत तर लोक सर्वात वाईट तेच समजतात, आणि बहुतेक वेळा बरोबर समजतात. दुरुस्तीनंतर खरंच कळवा. तीच वस्तू परवा ठरावीक किमतीला लावलेली दिसली तर माफीचा निरोप खोटा ठरतो.

माझी बोली वर होती आणि विक्रेत्याने लिलाव बंद केला. काय करू?

पानाचा आणि आलेल्या ईमेलचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, बोलीची रक्कम आणि वेळ दिसेल असा. विक्रेत्याला एकदाच, न चिडता, कारण विचारा. पटलं तर विषय सोडा. वस्तू फुटते, चोरीलाही जाते, आणि प्रत्येक विक्रेता लबाड नसतो. पटलं नाही तर ईबेकडे तक्रार करा. वस्तू खरोखर महाग असेल आणि विक्रेता जर्मनीत असेल तर तिथल्या वकिलाशी बोलणं वेडेपणाचं नाही. विक्रेता भारतातला असेल आणि कधीमधी घरातलं काही विकणारा असेल, तर २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक नियम धंदा म्हणून विकणाऱ्यांसाठी आहेत, त्याच्यावर ते लागू होत नाहीत. तिथे फार शक्ती घालवू नका.

त्याच विक्रेत्याने आठवड्याभराने तीच वस्तू पुन्हा लिलावाला लावली आहे. बोली लावू का?

आधी जुने फोटो नव्यांशी लावून पाहा. मोडलं म्हणून काढलेल्या घड्याळाचा दांडा नव्या फोटोत शाबूत आणि काचेवरचा ओरखडा जुन्याच जागी असेल, तर दुरुस्तीचं बिल मागा. दाखवलं तर खुशाल बोली लावा. नाही दाखवलं तरी वस्तू हवीच असेल तर लावा, पण शेवटच्या मिनिटाला. तोपर्यंत त्याला तुमचा आकडा कळायची गरज नाही.